डिकीतला शाबूत फ्यूज

१

जळलेल्या गाडीचा वास काय असतो, हे मला कुणी शिकवायला नको. एकतीस वर्षं मी विमा कंपनीसाठी पेटलेल्या, बुडालेल्या, ठोकलेल्या गाड्या तपासत हिंडले. निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं होतं की आता कुणाच्या बॉनेटखाली डोकं घालायचं नाही. गुडघे कुरकुरतात, आणि माणसांचं खोटं ऐकून कानही किटलेत. पण रविवारी सकाळी खालच्या दुकानातली लेक माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि माझं ठरवणं गेलं चुलीत.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर गाड्यांमध्ये स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बसवायचं दुकान आहे. दुकानाचा मालक प्रत्येक काम दोनदा तपासतो, म्हणून सगळे त्याला दोनदाकाका म्हणतात. मी त्याच्याहून मोठी, म्हणून माझ्यासाठी तो नुसता दोनदा. त्याची ही एकुलती एक लेक आठ वर्षांपासून बापाच्या खांद्याला खांदा लावून काम करते. तिची आई गेल्यापासून ती मला आत्या म्हणते आणि हक्काने माझा डबा पळवते.

"आत्या, बाबा उद्या दुकान बंद करतायत."

"कशासाठी? आजारी आहे?"

"कायमचं. उद्या दहा वाजता बेकरीवाल्यांकडे जाऊन लिहून देणार आहेत, की चूक माझी. आणि यापुढे हातात वायर धरणार नाही म्हणून."

शुक्रवारची आग मला माहीत होती. सगळ्या रस्त्याला माहीत होती. बेकरीवाल्याने आदल्या शनिवारी दोनदाकडून गाडीत नवा ॲम्प्लिफायर बसवून घेतला आणि सहाव्या दिवशी बेकरीच्या दारातच गाडीने पेट घेतला. आत त्याची आई बसली होती. त्याने काच फोडून आईला ओढून काढलं म्हणून बरं. म्हातारीच्या छातीत धूर गेला होता. धोका टळल्याचं डॉक्टरांनी शनिवारी सांगितलं, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

"झाली का चूक त्याच्या हातून?" मी विचारलं.

"नाही."

"लेक म्हणून बोलतेस की मिस्त्री म्हणून?"

"मिस्त्री म्हणून. फ्यूज जागेवर होता, आत्या."

"तुला कसं माहीत?"

ती जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखाने खरवडायला लागली. "माहीत आहे," एवढंच म्हणाली. मी अजून खोदलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी विषय सोडला आणि गुडघ्यांना शिव्या देत खाली उतरले.

दोनदा दुकानात स्टुलावर बसून एकेक पाना फडक्याने पुसून पेटीत ठेवत होता. माणूस गेल्यावर घरचे त्याचे कपडे घडी घालून ठेवतात ना, तसं चाललं होतं. मला बघवेना.

"बॅटरीजवळ फ्यूज लावला होतास का रे?"

"नसणार लावला. डिकीत सापडला ना तो."

"पत्र्यातून केबल नेताना रबरी कडी घातली होतीस?"

"नसणार घातली."

"नसणार काय? मी तुला काय आठवतंय ते विचारतेय, काय सापडलं ते नाही."

त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला. नवाकोरा होता. "त्या दिवशी जुना चष्मा फुटला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, वर्ष झालं. हाताने चाचपून काम केलं मी. म्हातारी जिवंत राहिली हे माझं नशीब. आता पुरे." मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "आणि पोरीचा यात काही संबंध नाही. ती त्या गाडीजवळ फिरकलीसुद्धा नव्हती."

मी पोरीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

२

बेकरीच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली गाडी उभी होती. बेकरीवाला हाताला मलमपट्टी बांधून तिथेच बसला होता. माणूस तसा भला, पण तीन दिवस झोपला नव्हता, आणि झोप नसली की भला माणूसही कडवट बोलतो.

"काय तपासायचंय आता? त्यांनीच कबूल केलंय."

"कबूल करणारी खूप बघितली आहेत मी," मी म्हटलं. "टॉर्च धरा."

आधी डिकी उघडली. ॲम्प्लिफायर काळवंडलेला, पण जाग्यावर. त्याच्या बाजूला, वीतभर अंतरावर, फ्यूजची डबी. झाकण उचललं. आतला फ्यूज शाबूत, अगदी दुकानातून आत्ता आणल्यासारखा. केबल मात्र डिकीपासून पुढे बॅटरीपर्यंत भाजून निघालेली. वरचं आवरण वितळून आतली तांब्याची तार उघडी पडली होती.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. फ्यूज म्हणजे रखवालदार. तारेतून नको इतका करंट धावला की तो स्वतः जळतो आणि वाट बंद करतो. पण तो आपल्यापुढच्या तारेचीच राखण करतो. बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला तर पुढची अख्खी केबल सुरक्षित. तोच शेवटी, डिकीत बसवला, तर बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या केबलला कुणी वाली नाही. ती कुठे पत्र्याला घासली आणि उघडी पडली, की बॅटरीचा सगळा जोर त्या एका जागी. तार लाल होते आणि वरचा गालिचा पेटतो.

इथे नेमकं तेच झालं होतं. ड्रायव्हरच्या पायांपुढे, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला एक भोक होतं. केबल त्यातून आत आली होती. रबरी कडी नाही, काही नाही. पत्र्याची नागडी धार. गाडीच्या थरथरीने तिथे केबल कापली गेली होती.

"बघा," बेकरीवाला म्हणाला. "झालं समाधान?"

पण मला एक गोष्ट खुपत होती. बॅटरी होती पलीकडच्या बाजूला, ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे. मग जवळची वाट सोडून अख्ख्या इंजिनाला वळसा घालून केबल ड्रायव्हरच्या बाजूला कशाला न्यायची? डोळे गेले म्हणून माणूस लांबची वाट धरत नाही, उलट जवळची धरतो.

मी कण्हत कण्हत शेजारच्या सीटपुढे वाकले. ही बाजू फारशी जळली नव्हती. गालिचा उचलला. तिथेही पत्र्याला भोक होतं, गोल, नीट पाडलेलं, आणि त्यात रबरी कडी घट्ट बसवलेली. कडीतून केबल गेलेली नव्हती. त्याऐवजी काळ्या, चिकट, मेणासारख्या कसल्यातरी गोळ्याने भोक बुजवलं होतं. कडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर बोट पांढरं झालं. वास घेतला. टाल्कम पावडर.

दोनदाच्या दुकानात पावडरचा डबा असतो हे मला वर्षानुवर्षं माहीत आहे. सुरुवातीला मला वाटायचं बाईमाणूस आहे दुकानात, तिची असेल. पण तो केबलला पावडर लावतो, म्हणजे ती रबरातून अलगद सरकते आणि कडी फाटत नाही.

"गाणी कशी वाजायची हो?" मी उठता उठता विचारलं.

"काय विचारताय? मेल्या गाडीची गाणी?"

"सांगा की."

"चांगली वाजायची. शेवटचे दोन दिवस जरा त्रास होता. गाडी रेस केली की गाण्यामागे मिक्सर फिरल्यासारखी घरघर यायची. दोनदाकाकांना दाखवायला नेणार होतो."

"आणि पहिल्या दिवसापासून घरघर होती?"

"छे! रविवारी आईला घेऊन लांब चक्कर मारली. गायक श्वास घेतो तोसुद्धा ऐकू येत होता. आई तर हरखून गेली होती."

टॉर्च त्याच्याच हातात होती म्हणून बरं, नाहीतर माझ्या हातून पडली असती.

३

ही घरघर कशाने येते हे दोनदाने मला शंभरदा ऐकवलंय. बॅटरीची जाड केबल एका बाजूने न्यायची आणि आवाजाची बारीक वायर दुसऱ्या बाजूने. दोघी शेजारी झोपल्या की जाडीची कुरकुर बारकीच्या कानात जाते आणि स्पीकरमधून बाहेर पडते. बेकरीवाल्याच्या गाडीत आवाजाची वायर ड्रायव्हरच्या बाजूने गेलेली मी पाहिली होती. म्हणजे रविवारी, आवाज स्वच्छ होता तेव्हा, बॅटरीची केबल दुसऱ्या बाजूने होती, त्या पावडर लावलेल्या कडीतून. ती नंतर कुणीतरी हलवली. दोनदाचं काम उकलून कुणीतरी तिसऱ्यानेच ते नव्याने केलं होतं.

कुणी? दोनदाच्या लेकीला विचारलं तर तिने ताडकन उत्तर दिलं. "समोरचा! झगमग! तोच म्हणायचा, म्हातारा एक दिवस गाडी पेटवणार."

झगमगचं दुकान रस्त्यापलीकडे. गाडीच्या पोटाखाली निळे-जांभळे दिवे लावून देतो, म्हणून ते नाव पडलं. एके काळी तो दोनदाचाच शागीर्द होता. मग भांडून वेगळा झाला, असं लोक म्हणतात.

"म्हणालो होतो," त्याने सरळ कबूल केलं. "मग? ते बोटांनी चाचपून स्क्रू लावायचे, मला इथून दिसायचं. तोंडावर सांगितलं, काका, डोळे दाखवा. ऐकलं नाही. म्हणून चारचौघांत बोललो, म्हटलं रागाने तरी जातील."

"बेकरीवाल्याची गाडी गेल्या आठवड्यात तुझ्याकडे आली होती?"

"आली असती तरी मी त्यांच्या फ्यूजला हात लावला नसता, आत्या." त्याने स्वतःच्या गालावर हात ठेवला. "पहिल्या महिन्यात मी एका गाडीत फ्यूज मागे लावला होता. अशी सणसणीत बसली होती की आजही फ्यूज दिसला की हा गाल गरम होतो."

मला हसू आलं. त्यालाही आलं, आणि मग एकदम त्याचा चेहरा पडला. "खरंच बंद करतायत का हो दुकान? मग चहाला कोण येणार माझ्याकडे?"

"तो तुझ्याकडे येतो?"

"एक गाडी पूर्ण झाली की एकदा. ठरलेलं. पंधरा मिनिटं बसतात. चहा अर्धा सोडतात. घड्याळाकडे बघतात, आपल्या दुकानाकडे पाठ करून बसतात. शागीर्द सोडून गेला तरी त्याच्याकडे येतात, म्हणून मी आपला खूश."

मी दोनदाचं दुकान डोळ्यांपुढे आणलं. कोपऱ्यात विजेची किटली आहे, चहाचा डबा आहे, दूध आहे. ह्या माणसाला बाहेरचा चहा आवडत नाही, हे तो माझ्या घरी येऊनही म्हणतो. मग काम संपलं की रस्ता ओलांडून, पाठ करून, घड्याळ बघत पंधरा मिनिटं हा कशासाठी काढतो?

ते कोडं मी बाजूला ठेवलं. आधी केबल कुणी हलवली ते शोधायचं होतं, आणि हातात एकच दुपार होती.

४

इस्पितळात म्हातारी उशाला टेकून बसली होती. नाकातली नळी काढली होती आणि ती परिचारिकेला केस विंचरून दे म्हणून सांगत होती. इतकं बरं वाटलं मला! तिला म्हटलं, मी दोनदाच्या वरच्या मजल्यावरची. तिने माझा हात धरला.

"त्या माणसाला सांगा, माझा काही राग नाही हो. किती छान केलं होतं त्याने! माझी जुनी गाणी ऐकायला मिळावीत म्हणून लेकाने सगळा खटाटोप केला."

"गाडीत तुम्ही कुठे बसता?"

"पुढे, लेकाच्या शेजारी. दुसरीकडे बसले तर मला मळमळतं."

"पायाखाली काही लागत होतं का?"

म्हातारीने दाराकडे बघितलं. मग आवाज बारीक केला. "टाचेखाली उंचवटा लागायचा. माझी टाच आधीच दुखरी. रविवारी फिरून आले तर पाय टेकवेना. पण लेकाला बोलले नाही. एवढ्या हौसेने केलं, त्याला वाईट वाटलं असतं. आणि मग बुधवारी बसले तर उंचवटा गेलेला!"

"कसा गेला?"

"गेला आपला." असं म्हणून तिने ओठ मिटले, आणि तोंडभर लबाड हसू पसरलं. ह्या वयाच्या बायका गुपित राखतात ते असंच, सगळ्यांना दिसेल असं.

बाहेर बाकावर एक पस्तिशीचा गडी गुडघ्यांत मान घालून बसला होता. तो म्हातारीच्या सुनेचा भाऊ, म्हणजे बेकरीवाल्याचा मेहुणा. शुक्रवारपासून घरी गेला नाही, परिचारिका सांगत होती. बिस्किटाचा पुडा तसाच शेजारी, न फोडलेला.

"फार गुणी आहे हो," आतून म्हातारी म्हणाली. "माझी औषधं गार राहावीत म्हणून घरचा मोडका फ्रीज त्यानेच नीट करून दिला. काही बोललं की लगेच करतो, आणि वर गवगवा नाही."

मी बाकापाशी थांबले. त्याने मान वर केली, मला बघितलं, आणि विचारलं, "मिस्त्री उद्या लिहून देणार आहेत, खरं का?"

"खरं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. चूक करणारा स्वतःहून लिहून देतोय म्हटल्यावर घरच्या माणसाला हायसं वाटायला हवं होतं.

५

ओळखणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. पांढऱ्या चेहऱ्यावरून मी कधी कुणाला दोषी ठरवलं नाही, आणि ह्या वयात सुरुवातही करणार नव्हते. घरी आले. उन्हाने घसा सुकला होता. फ्रीजमधून पाण्याची बाटली काढली आणि ग्लास शोधताना नजर खिडकीकडे गेली. खिडकीबाहेर माझा एसी आहे. त्याची नळी भिंतीतून जिथे आत येते, तिथली फट बुजवलेली आहे. काळ्या, चिकट, मेणासारख्या पट्टीने.

पाण्याची बाटली तशीच ओट्यावर ठेवली. ती पट्टी बोटाने दाबून बघितली. तीच. फ्रीज आणि एसीची कामं करणाऱ्यांच्या पेटीत ह्या पट्टीचं भेंडोळं असतंच असतं. गाडीवाले ती वापरत नाहीत. झगमगकडे नव्हती, दोनदाकडे नव्हती. भोक उघडं सोडलं तर पावसाचं पाणी म्हातारीच्या पायाशी येईल, एवढी काळजी केबल हलवणाऱ्याने घेतली होती. एका भोकाची इतकी काळजी, आणि दुसऱ्याच्या धारेकडे लक्षही नाही!

रिक्षा केली आणि पुन्हा इस्पितळ गाठलं. मेहुणा तिथेच होता. मी बाकावर त्याच्या शेजारी बसले, बिस्किटाचा पुडा फोडला, एक त्याच्या हातात ठेवलं, एक मी खाल्लं.

"मंगळवारी केबल हलवलीस ना रे?"

त्याने बिस्कीट तसंच धरून ठेवलं. मग इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं तीन दिवस त्याने तो कोंडूनच ठेवला होता.

"आई म्हणाल्या टाच दुखते, पण तुझ्या दाजींना सांगू नकोस. दाजी भट्टीवर होते. मी तासाभरात केबल दुसऱ्या बाजूने घेतली. डिकीत मिस्त्रींनी तीन हात जास्तीची केबल गुंडाळून ठेवली होती, ती पुरली. पत्र्यात आधीचं भोक होतं, त्यातून घातली."

"आणि फ्यूज?"

"तो पुढे बॉनेटखाली होता. म्हटलं, उडाला तर दाजींना बॉनेट उघडून शोधत बसावं लागेल. डिकीत ॲम्प्लिफायरजवळ लावला की हाताशी. आम्ही यंत्राजवळच लावतो ना फ्यूज! फ्रीज असो, एसी असो."

"घरात लावतोस ते बरोबर आहे," मी म्हटलं. "घरात भिंतीतल्या तारेला मागे बोर्ड असतो. तिथला फ्यूज तारेची राखण करतो, तुझा यंत्राची. गाडीत बोर्ड कुठे आहे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उजाडलं, आणि उजाडलं ते त्याला सोसवेना. "बॅटरी आणि डिकीच्या मध्ये काहीच नव्हतं," तो पुटपुटला. "म्हणजे मीच. मीच आईंना..."

"अरे, आई आत केस विंचरून घेतायत! रड, पण आधी ते बिस्कीट खा."

त्याने खाल्लं. रडतच खाल्लं. "फ्यूज शाबूत निघाला तेव्हा मला वाटलं, माझं काम बरोबर होतं. आणि मिस्त्री स्वतःच चूक कबूल करतायत म्हणाले. मग म्हटलं, असेल त्यांची. पण घशाखाली घास उतरेना हो. ते का कबूल करतायत जे त्यांनी केलंच नाही?"

"ते उद्या कळेल," मी म्हटलं. खरं तर मला तेव्हाच कळलं होतं.

६

सोमवारी साडेनऊला मी सगळ्यांना दोनदाच्या दुकानात जमवलं. बेकरीवाला, मेहुणा, बाप-लेक, आणि न बोलावता आलेला झगमग. दोनदाच्या खिशात लिहून आणलेला कागद होता, घडी दिसत होती.

मेहुण्यानेच सगळं सांगितलं. मी मध्ये फक्त रबरी कडी, पावडर आणि घरघर जोडून दिली. बेकरीवाला ऐकता ऐकता लाल झाला. मेहुण्यावर हात उगारतो की काय असं वाटलं. मग त्याने विचारलं, "आईने मला सांगू नको म्हटलं?" मेहुण्याने मान हलवली. बेकरीवाला मटकन स्टुलावर बसला. "टाच दुखते एवढं सांगायला काय झालं होतं हिला! मी चप्पल बदलली तर तासभर बोलते ती." आणि तो हसायला लागला, डोळे पुसत. मेहुण्याच्या पाठीत एक जोरदार रट्टा मात्र घातलाच. त्या रट्ट्याने मेहुणा पहिल्यांदा सरळ उभा राहिला.

"काका, माफ करा," बेकरीवाला दोनदाला म्हणाला. "तो कागद फाडा. पण तुम्ही कबूल का केलंत हो?"

दोनदा माझ्याकडे बघेना, लेकीकडे तर मुळीच बघेना.

"मी सांगते," मी म्हटलं. "हा माणूस वर्षभर धूसर डोळ्याने काम करतोय. पण वर्षभरात याच्या कामाची एकही तक्रार नाही. कशी? कारण हा चहाला गेला की कुणीतरी मागे याचं काम तपासतं. फ्यूज हलवून बघतं, कडी दाबून बघतं. म्हणूनच काल माझ्या दारात एक पोरगी छातीठोक सांगत होती, फ्यूज जागेवर होता. पण कसं माहीत ते सांगेना, कारण सांगितलं तर बापाला कळलं असतं की लेक आपल्या कामावर विश्वास ठेवत नाही."

लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "बाबा, विश्वास नाही असं नाही हो. डोळ्याचं मला कळलं होतं. तुम्ही सांगत नव्हतात, मग मी कसं बोलणार?"

दोनदा हळूच म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"तू तपासतेस ते. मला चहा कुठे आवडतो ह्या झगमगचा?"

"काका!" झगमग ओरडला.

"तुला निवांत बघता यावं म्हणून जायचो. तुझ्यासमोर बसलो असतो तर तू हात लावला नसतास. पंधरा मिनिटं पुरतात ना एका गाडीला?"

मग त्याने बाकीचं माझ्याकडे वळून सांगितलं. फ्यूज डिकीत सापडला म्हटल्यावर तो धरून चालला की आपण चुकलो, आणि लेकीच्याही नजरेतून सुटलं. म्हातारीच्या जिवावर बेतलं होतं. उद्या कुणी विचारलं असतं की तपासलं कुणी, तर तिचं नाव आलं असतं, आणि सव्वीसाव्या वर्षी तिच्या हातावर कायमचा डाग बसला असता. म्हणून कुणी विचारायच्या आत सगळं आपल्या अंगावर घ्यायचं.

"पण माझ्या नजरेतून काही सुटलं नव्हतं!" लेक रडत रडत भांडायला लागली. "एकदा विचारायचं तरी मला!"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

मला आला राग. "दोघांच्या ह्या लपवाछपवीपायी माझ्या गुडघ्यांची वाट लागली दोन दिवस," मी म्हटलं. "शुक्रवारीच एकमेकांशी दोन वाक्यं बोलला असतात, तर मला इस्पितळाचे जिने चढावे लागले नसते." सगळे हसले. मी काही विनोद केला नव्हता, पण हसू दिलं. तीन दिवसांनी त्या दुकानात कुणीतरी हसत होतं.

दोनदाने कागद फाडला आणि नीट कचऱ्याच्या डब्यात टाकला. झगमगने तिथल्या तिथे आपल्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लावून गुरुवारची वेळ घेतली. दोनदा नाही म्हणायला तोंड उघडणार होता, तेवढ्यात त्याने लेकीकडे बघितलं आणि मान डोलावली.

दुपारी मी गॅलरीतून खाली बघितलं. दुकानात एक पांढरी गाडी आली होती. दोनदा बॉनेटवर वाकून फ्यूजची डबी घट्ट करत होता. काम संपलं तसे त्याने हात पुसले, चपला घातल्या आणि सवयीने रस्त्याकडे निघाला.

"बाबा," लेकीने आतून हाक मारली, "कुठे निघालात?"

तो थांबला.

"किटली लावली आहे मी. बसा इथेच, आणि मी बघते ते बघा. चुकले तर सांगा."

दोनदा परत फिरला. चपला काढल्या, स्टूल गाडीजवळ ओढून घेतलं आणि टॉर्च धरून तिच्या शेजारी बसला.

मला वरून नीट दिसत नव्हतं, पण त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. "रबरी कडी?" लेक म्हणत होती, "बसली आहे." "फ्यूज?" "वीतभरावर." आणि मग दोनदा म्हणाला, "आता परत एकदा."

मी आत जाऊन पंखा लावला आणि पाय वर घेऊन झोपले.